काडीच्या मापाची गाडी

मी, खाली अंगठा न उठवता सही करणारी, या घराची मालकीण, स्कूटरच्या कारखान्यातून निवृत्त झालेली, एका मुलाची आई आणि एका नातीची आजी, माझं शेवटचं इच्छापत्र माझ्याच हाताने लिहिते आहे. आधी कधी असं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे आधीचं रद्द करण्याचा प्रश्न नाही. शाळा तिसरीपर्यंत झाली. अक्षर वाकडं आहे ते हात थरथरतो म्हणून, आणि शुद्धलेखन वाकडं आहे ते तिसरीमुळे. एकाचं खापर दुसऱ्यावर फोडू नये.

गल्लीच्या टोकाला राहणारे वकीलभाऊ शेजारी बसले आहेत. ते म्हणाले, "आजी, सुरुवात अशी करा. मी पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाखाली वा भीतीखाली नाही."

मी म्हटलं, "दडपण नाही. भीती आहे."

"कोणाची?"

"ऑपरेशनची."

ते म्हणाले, "ती चालते. माणसाने घातलेली नसली म्हणजे झालं."

तेव्हा लिहिते, की मी शुद्धीवर आहे, जे लिहिते ते समजून लिहिते, आणि मी फार घाबरलेली आहे. सकाळपासून हसते आहे, सगळ्यांची थट्टा करते आहे, पण हे सगळं वरवरचं आहे. एकदा लिहून टाकलं की लपवायला नको.

कलम एक. आत्ताच का

उद्या दवाखान्यात भरती व्हायचं आहे. परवा छाती उघडणार. डॉक्टरीणबाई माझ्या सुनेपेक्षाही लहान आहेत, पण बोलायला गोड. त्यांनी काळजाचं चित्र काढून दाखवलं. त्यात एक झडप आहे, ती झिजली आहे, नीट मिटत नाही. झडप मला कळते. पंपात असते, इंजिनात असते, झिजली की बदलतात. इथपर्यंत मी मोठ्या शहाणपणाने मान डोलावत होते. मग त्या म्हणाल्या, "आजी, नवी झडप बसवताना थोडा वेळ हृदय बंद ठेवावं लागतं."

"बंद म्हणजे?"

"बंद. तेवढा वेळ यंत्र रक्त फिरवतं. काम झालं की आम्ही पुन्हा सुरू करतो."

"आणि नाही झालं तर? थंडीत सकाळी आमची गाडी सुद्धा किती कुरकुर करते."

त्या हसल्या. "बटण चाललं नाही तर काय करता मग?"

"किक मारतो."

"आमच्याकडे पण किक आहे, आजी."

मी पण खदखदून हसले. मग बाहेर येऊन बाकावर बसले आणि माझे पाय असे लटपटायला लागले की सूनबाईने दोन्ही गुडघे हातांनी धरून ठेवले. लोक बघत होते.

तपासण्यांसाठी मला तिथे ठेवून घेतलं होतं. शेजारच्या खाटेवर माझ्याच वयाची एक बाई होती, माझ्यासारखीच बडबडी. तिचा कंगवा मी वापरला. सकाळी तिला आत नेलं आणि संध्याकाळी त्या खाटेवर नवी चादर घातली. मी विचारलं नाही. चादर घालणाऱ्या पोरीने सांगितलं नाही. दुसऱ्या खोलीत हलवलं असेल. तसंच असेल. पण तेव्हापासून कोणी चादर झटकली की माझ्या काळजाचं पाणी होतं.

कलम दोन. घर

वकीलभाऊंनी सांगितलं की मालमत्तेचे दोन प्रकार. न हलणारी ती स्थावर आणि हलणारी ती जंगम. मी विचारलं, "आमचे भावजी मग कशात? ते सकाळपासून खुर्चीतून हललेले नाहीत." वकीलभाऊ म्हणाले, नातेवाईक मालमत्तेत धरत नाहीत. बरं झालं.

घर माझ्या मुलाला. त्यातली वरची खोली सूनबाईची, फक्त तिची, तिने तिथे शिवणाचा वर्ग काढावा नाहीतर पाय पसरून झोपावं, कोणी विचारायचं नाही. न्हाणीघराची कडी बाहेरून लावली तर आतून उघडत नाही. ती बदलावी. मी आत अडकले होते तेव्हा सगळे जण टीव्ही बघत होते. हा राग मी सोबत नेत नाही, इथेच लिहून ठेवते.

कलम तीन. बँक

बँकेत जे आहे ते दवाखान्याचं सगळं भागवून उरेल ते सूनबाईला. मुलाने तोंड वाकडं करू नये. त्याला घर दिलं आहे.

कलम चार. हत्यारं आणि किडुकमिडुक

माझे पाने, पकडी आणि तेलाची बुधली कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या पोरीला. ती एकटी गॅरेज चालवते आणि लोक तिच्याकडे येऊन "मिस्त्री कुठे आहे" असं विचारतात. तिला चांगली पकड हवी, कामाला आणि असल्या लोकांना.

लोकरीची शाल सुनेच्या आईला. तिने ती माझ्या अंगावर बघून दोनदा तरी "फारच गरम दिसते हो" म्हटलं आहे. कळलं मला.

कलम पाच. धाकटे दीर, म्हणजे भावजी

मी पहिल्यांदा गाडी घरी आणली तेव्हा भावजी दारात उभे राहून म्हणाले होते, "घ्या, माकडाच्या हाती कोलीत." हे, म्हणजे माझे मिस्टर, तेव्हा हसले. यांच्याकडे गिअरची जड मोटारसायकल होती, ती धडधडत यायची आणि गल्लीतली सगळी कुत्री मागे लागायची. माझ्या गाडीला हे "खेळणं" म्हणायचे. पुढे यांची कंबर धरली, पाय उचलेना, तेव्हा त्याच खेळण्यावर मागे बसून माझ्या खांद्याला धरून फिरायचे. त्यांचा हिशेब मिटला. ते गेले, त्यांच्यावर माझा राग नाही.

भावजींचा मिटलेला नाही. त्यांना मी माझ्या गाडीचा जुना आरसा देते, काच तडकलेला. खुर्चीत बसून त्यात मागे बघावं. बायका पुढे गेलेल्या दिसत नसतील तर निदान मागे कोणी राहिलं आहे का ते तरी दिसेल.

वकीलभाऊ म्हणतात हे काढा. मी काढणार नाही. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं असं नको.

कलम सहा. गाडी

आता मुख्य. वकीलभाऊ घड्याळ बघताहेत, पण हे थोडक्यात होणार नाही.

माझी स्कूटर, बिनगिअरची, वजनाला हलकी, रंग राखाडी, पुढच्या पत्र्यावर सोनेरी वेल. ती वेल का आहे हे माझ्या घरात कोणी विचारत नाही, सगळ्यांना वाटतं म्हातारीने हौसेने चिकटवली. म्हणून लिहिते.

आमचा कारखाना आधी स्कूटरचा नव्हताच. थोरले मालक तरुणपणी सायकलवर शिवणयंत्रं दुरुस्त करत दारोदार फिरायचे. मग त्यांनी स्वतःचं शिवणयंत्र काढलं, काळं, चकचकीत, अंगावर सोनेरी वेल. घरोघरी गेलं. पुढे लोक तयार कपडे घ्यायला लागले, यंत्रं कोणी घेईना. मी कामाला लागले तेव्हा अर्धी शेड रिकामी होती, बोललं की आवाज घुमायचा. मी खोक्यात यंत्रं भरायची. अंगाने इतकी बारीक की सगळे "काडी" म्हणायचे.

सुटी झाली की आम्ही बायका फाटकाशी उभ्या राहायचो, आपापल्या नवऱ्यांची वाट बघत. कोणाचा येई, कोणाचा विसरून जाई. थोरले मालक एकदा मोटार थांबवून म्हणाले, "तुम्ही स्वतः गाडी चालवायला का शिकत नाही?"

बाकीच्या एकमेकींकडे बघायला लागल्या. माझी जीभ आपली कधी टाळ्याला लागतच नाही. मी म्हटलं, "मालक, एका पायाने गिअर, एका हाताने क्लच, आणि एवढं करून आडवी झाली तर उचलायची कोणी?"

मोटार तशीच पुढे निघून गेली. मला वाटलं, गेली नोकरी.

थोड्या दिवसांनी मला आत बोलावलं. टेबलावर शिवणयंत्र उघडून ठेवलेलं. ते इंजिनिअर लोकांना सांगत होते, "याला गिअर आहे का? बाई पाय हलवते, पट्टा फिरतो, चाक फिरतं. हळू हलवला की हळू, जोरात हलवला की जोरात. मला अशी गाडी पाहिजे. पट्ट्यावर चालणारी." आणि माझ्याकडे बोट दाखवून, "ही काडी जी गाडी एकटीने स्टँडवर चढवेल तीच विकायची. हिला नाही जमली तर परत."

अशी मी कारखान्याचं माप झाले. नवा नमुना तयार झाला की मला बोलावणं. मी स्टँडवर पाय द्यायची, मागची पकड धरायची आणि हिसका द्यायची. चढली तर पास. नाही चढली की इंजिनिअर लोकांचे चेहरे पडायचे, मग ते परत नेऊन कुठला पत्रा पातळ कर, कुठला लोखंडाचा तुकडा काढ, असं करत बसायचे. शेवटी ते एवढे टेकीला आले की मला रोज केळी आणून द्यायला लागले. मला वाटलं, काय भली माणसं. महिनाभराने मालकांच्या लक्षात आलं की माझे दंड भरायला लागलेत. त्यांनी फाटकावर पाटी लावली, "काडीला कोणीही काहीही खायला घालू नये." मी ती पाटी घरी आणायला मागितली होती, दिली नाही.

पहिल्या गाड्या काळ्याच निघाल्या आणि सगळ्यांवर सोनेरी वेल. शिवणयंत्रांचा रंग आणि वेलीचे छाप गोदामात पडून होते, ते मालक वाया घालवणारे नव्हते. सीटसुद्धा आमच्याच जुन्या यंत्रांवर शिवली जायची. नंतर रंगीत गाड्या आल्या, वेल गेली. मी माझी गाडी घेतली तेव्हा गोदामातून एक छाप शोधून काढला आणि लावला.

त्या गाडीवर मी कुठे कुठे गेले ते लिहिलं तर कागद पुरणार नाही. वाऱ्याने डोळ्यांत पाणी यायचं आणि मी एकटीच मोठ्याने हसायची. सिग्नलला लोक बघायचे. बघोत.

आता भीतीचं. त्या दिवशी मी बाजारातून आले. स्टँडवर पाय दिला, हिसका दिला. गाडी हलली नाही. पुन्हा दिला. नाही. मला वाटलं डिकीत कोणीतरी विटा भरल्या. उघडून बघितलं, एक छत्री होती. मग डोळ्यांपुढे अंधारी आली. समोर राहणारे हॉर्नवाले धावत आले. ते आमच्याच कारखान्यात जन्मभर हॉर्न तपासायचे, म्हणून त्यांना कमी ऐकू येतं आणि ते दुप्पट मोठ्याने बोलतात. ते गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "काडे, तुला गाडी चढेना?" आणि मी रडले. छातीत दुखत होतं म्हणून नव्हे. गाडी तीच होती, तिचं वजन माझ्यावरूनच ठरलेलं. मग कमी कोण झालं, ते मला कळलं.

हे इतकं सगळं लिहून ही गाडी मी माझ्या नातीला देते. तिला मी बयो म्हणते. ती एकोणीस वर्षांची आहे, शिकते आहे, माझ्यासारखीच बारीक आहे.

तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, याच्या विरुद्ध आहे. त्याचं कारणही लिहिते, म्हणजे त्याच्यावर अन्याय नको. बयो गाडी शिकली, छान चालवायला लागली. एकदा गल्लीच्या वळणावर ट्रकखालून कुत्रं उसळून आलं. ती घाबरली. घाबरलं की माणूस हाताशी असेल ते आवळतं. तिने मूठ आवळली आणि आवळता आवळता पिळली. बिनगिअरच्या गाडीत मूठ पिळली की गाडी पळते. मूठ भीतीने पिळली की हौसेने, हे गाडीला कळत नाही. ती जितकी घाबरली तितकी गाडी सुटली, आणि जितकी गाडी सुटली तितकी ही घाबरली. समोरच्या भिंतीवर गेली. पाय मोडला.

मुलाने तिला दोन्ही हातांवर उचलून नेलं. तो तेव्हापासून गाडीकडे बघत नाही. पाय जुळला, पण बयोने त्यानंतर गाडीला हात लावला नाही. येता-जाता गाडीपाशी आली की भिंतीला घासून जाते, जसं काही कुत्रं तिथेच बांधलं आहे. मी किती वेळा म्हटलं, "बयो, नुसती बस तरी. चालू करू नकोस." ती म्हणते, "उद्या." तिचे कितीतरी उद्या गेले. माझ्याकडे आता एकच उरला आहे.

मला मरणाची भीती वाटते हे वर लिहिलं. त्याच्या खालोखाल ही वाटते, की ती जन्मभर फाटकाशी उभी राहून कोणाची तरी वाट बघत राहील. म्हणून गाडी तिला. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला आहे.

कलम सात. सूचना

मी परत आले नाही तर दवाखान्यात माझ्या पायांवर पांघरूण नीट घालावं, मला पाय उघडे राहिलेले आवडत नाहीत. मुलाने आत येऊन मला हाक मारावी, मी उत्तर देणार नसले तरी. एकदाच मारावी, फार नको.

भावजींना भाषण करू देऊ नये.

कलम आठ. उरलेलं

वकीलभाऊ म्हणतात असं एक कलम लागतंच. वर जे लिहायचं राहिलं, किंवा ज्याचं देणं काही कारणाने फसलं, ते सगळं माझ्या मुलाकडे जावं.

इथे मी सही केली होती. ती खोडलेली दिसते, आणि तिच्याखालच्या दोन सह्याही खोडलेल्या दिसतात. कोणी म्हणेल म्हातारीला फसवलं. तसं नाही. काय झालं ते पुढे लिहिते.

कलम नऊ. सही झाल्यावर घडलेलं

वकीलभाऊंनी सगळ्यांना व्हरांड्यात बोलावलं. म्हणाले, "दोन साक्षीदार लागतील. पण ज्याला या कागदातून काही मिळणार आहे त्याने साक्षीदार व्हायचं नाही. झाला तर त्याला दिलेलं रद्द होतं."

हॉर्नवाले म्हणाले, "म्हणजे मला काहीच ठेवलं नाहीस, काडे?"

"तुम्हाला सहीचा मान ठेवला आहे."

"मान काय चाटायचा?" असं म्हणत त्यांनी लांबलचक सही ठोकली.

दुसरी साक्षीदार माझी मैत्रीण, कारखान्यात सीट शिवणारी. ती अजून पोचली नव्हती, तिचे गुडघे तिला वेळेवर कुठेच पोचवत नाहीत. वकीलभाऊंना फोन आला, ते पायऱ्या उतरून बोलत उभे राहिले. बयो माझ्या खुर्चीमागे उभी राहून कागद वाचत होती. मला वाटलं वाचू दे. मग तिने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, वाकली, आणि हॉर्नवाल्यांच्या सहीखाली आपली सही केली.

"बयो, काय केलंस हे?"

"सही."

वकीलभाऊ धावत आले. "अगं पोरी, आत्ताच सांगितलं ना मी! साक्षीदाराला काही मिळत नाही. गाडी गेली की तुझी."

"ऐकलं मी. म्हणूनच केली."

मुलगा म्हणाला, "बरं झालं. नाहीतरी तिला ती नकोच आहे."

तेव्हा ती बापाकडे वळली. "बाबा, मला गाडीची भीती वाटते. नको आहे असं मी कधी म्हटलं?"

हॉर्नवाल्यांनी विचारलं, "काय म्हणाली?" सूनबाईने त्यांना गप्प बसायची खूण केली.

बयो आता सगळ्यांकडे वळली. "घर बाबांचं, बँक आईची, आरसा धाकट्या आजोबांचा. पकडी सुद्धा वाटल्या. सगळ्यांची तयारी झाली. आजी मेल्यावर कोणाचं काय, एकदम चोख. मी नाही तयार. मला तिच्या मरणातून काही नको. गाडी द्यायची असेल तर तिने यावं आणि किल्ली माझ्या हातात द्यावी."

वकीलभाऊ समजूतदार आहेत. हळूच म्हणाले, "मग आत्ताच द्या ना, आजी. जिवंतपणी दिलेल्याला कोणाची हरकत नसते."

सूनबाईने खिळ्यावरची किल्ली आणून माझ्या हातात ठेवली. मी ती बयोपुढे धरली. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"आज नको. आज दिलीस म्हणजे तू निरोप घेतलास."

तेवढ्यात सीट शिवणारी धापा टाकत आली. "झालं का? मी कुठे सही करू?" वकीलभाऊंनी सुटकेचा निःश्वास टाकून कोरा कागद पुढे केला. म्हणाले, "पुन्हा लिहू. या बाई साक्षीदार होतील, नातीची सही नसेल, गाडी नातीला मिळेल. असं नाही केलं तर कलम सहा फुकट गेलं समजा. गाडी कलम आठात येणार, म्हणजे तुमच्या मुलाकडे."

मी मुलाला विचारलं, "तुझ्याकडे आली तर काय करशील?"

तो खोटं बोलणारा नाही. "विकेन, आई."

"कधी?"

"मला ती दारात बघवणार नाही. दुसऱ्याच दिवशी." आणि तोंड फिरवून उभा राहिला.

मी कोरा कागद हातात घेतला. मला कबूल करायला हवं, मला त्याचा मोह झाला. पुन्हा लिहिलं असतं तर सगळं जिथल्या तिथे बसलं असतं आणि मी निवांत झाले असते. पण खरं सांगू का, लिहिता लिहिता मी थोडी थोडी जायलाच लागले होते. एकेक वस्तू देत देत हात रिकामे होत होते, आणि रिकाम्या हातांचं माणूस टेबलावर निजलं तर त्याला उठून काय करायचं आहे? बयोला ते दिसलं. मला दिसलं नव्हतं.

म्हणून मी कोरा कागद वकीलभाऊंना परत दिला आणि शुद्धीवर राहून असं ठरवते:

कलम सहा तसंच राहील आणि ते चालणार नाही. बयोची साक्ष राहील. गाडीची व्यवस्था मी जाणूनबुजून अर्धी ठेवते आहे. मी आले नाही तर गाडी विकली जाईल आणि नात फाटकाशीच उभी राहील, हे मला समजलं आहे. म्हणून मला यावंच लागेल. डॉक्टरीणबाईंना आत जाण्याआधी हे कलम वाचून दाखवावं. त्यांना सांगावं की ही बाई सगळं वाटून मोकळी झालेली नाही, हिचं एक काम राहिलं आहे, ते तिच्याच हातचं आहे, तेव्हा बटण चाललं नाही तर किक मारताना हात आखडू नये.

भीती गेली का? नाही. हे लिहितानाही माझे गुडघे एकमेकांवर आपटताहेत आणि सूनबाई चहाचं निमित्त करून जवळ येऊन बसली आहे. घाबरलेलीच जाईन. पण जाईन ते पुन्हा येण्याच्या बोलीवर.

मजकूर वाढला म्हणून वकीलभाऊंनी आधीच्या सह्या खोडून पुन्हा करायला सांगितल्या. सीट शिवणारीने पेन घ्यायला हात पुढे केला होता. बयोने तो खाली केला आणि ती म्हणाली, "मावशी, तुम्ही बसा. माझी जागा आहे ती."

ठिकाण: आमच्या घराचा व्हरांडा, भर दुपार.

तारीख: भरती होण्याचा आदला दिवस. आकडा वकीलभाऊंनी घालावा.

इच्छापत्र करणारीची सही: (केली. अंगठा नाही.)

साक्षीदार पहिले: समोर राहणारे, हॉर्न तपासनीस, निवृत्त. सर्व मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. पटला. मला काही ठेवलेलं नाही, हेही ऐकू आलं.

साक्षीदार दुसरी: नात. या कागदातून मला काहीही मिळणार नाही, हे वाचून आणि समजून दुसऱ्यांदा सही केली आहे.